भाकरीचा भाव

बारामतीहून इंदापूरच्या अंगाला निघालं की काटेवाडीच्या शेजारी कन्हेरी लागतं. वर्तमानपत्र वाचणाऱ्या महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते इथल्या मारुतीमुळे. निवडणूक आली की पवारांच्या प्रचाराचा नारळ या मारुतीपुढे फुटतो, दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येतं आणि मग पुढच्या निवडणुकीपर्यंत गावाचं नाव फारसं कोणी काढत नाही. सभेला आलेल्या बायकांपैकी कितीजणी त्या दिवसाचा रोज बुडवून आल्या, हे छायाचित्रातून कळायची सोय नसते. ही पुस्तिका त्या बायकांसाठी आहे, आणि त्यांना खाण्यापिण्याचा छोटा धंदा उभा करून देऊ पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, बँकेतल्या माणसांसाठी आणि जमलं तर त्यांच्या घरातल्या पुरुषांसाठीही.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचं नाव निघालं की ऐकणाऱ्यापुढे ऊस, द्राक्षं, डाळिंबं, साखर कारखाने आणि एमआयडीसी उभी राहते. ते चित्र खोटं नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पट्ट्यात फिरतं आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने या बागायतीवरच वाढले. पण कालवा सगळ्या शिवारांतून जात नाही, आणि ज्या शिवारातून जातो तिथलं पाणीही सातबारा बघूनच वळतं. उसाच्या सरीत खुरपणी करणारी बाई बागायतदार नसते. तिचा रोज ठरलेला, तोही हंगामापुरता. पाऊस लांबला की काम नाही, पाऊस लागून राहिला की तेव्हाही नाही. शिवाय सधन भागातल्या गरिबीची एक वेगळीच अडचण असते. ती बाहेरच्याला दिसत नाही, आणि वरच्या कार्यालयात सांगायला गेलं तर कोणाला पटत नाही. बारामतीला काय कमी आहे, असं म्हणून विषय मिटतो.

या बायकांच्या सासवा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या. मिलोच्या लाल भाकरीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव त्यांच्या पिढीने घेतली. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात गावात बरंच बदललं. बचत गट आले. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘माविम’, पुढे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’, त्याआधी १९९२ पासून नाबार्डने सुरू केलेली बचत गट आणि बँक यांची जोडणी, असं करत करत आज गटात नसलेली बाई शोधावी लागते. महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकणं, अंतर्गत कर्ज उचलणं, बँकेचं कर्ज वाटून घेणं हे सगळं अंगवळणी पडलं आहे. एवढं होऊनही गटातून उभा राहिलेला आणि पाच वर्षं टिकलेला खाद्यपदार्थांचा धंदा दाखवा म्हटलं, तर बोट कुठे दाखवायचं याचा विचार करावा लागतो.

याचं कारण बायकांत नाही, मदतीच्या रीतीत आहे. गावात बायकांसाठी काही करायचं ठरलं की पहिलं पाऊल प्रशिक्षणाचं पडतं. तीन दिवस मसाले, पापड, लोणची. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. जिच्या हातात नवव्या-दहाव्या वर्षी उलथनं आलं, तिला कुरडईचा चीक किती वेळ हाटायचा हे तालुक्याहून आलेली मुलगी कागदात बघून सांगते आणि बाया समजूतदारपणे ऐकून घेतात. मग यंत्र येतं. पापडाचं यंत्र किंवा मसाल्याचा पल्व्हरायझर समाजमंदिरात बसतो. किल्ली एकीकडे, वीजबिल कोणी भरायचं हा वाद दुसरीकडे, आणि दोन उन्हाळ्यांनंतर त्यावर सतरंज्या रचलेल्या. शेवटी प्रदर्शन. तिथे चार दिवस माल खपतो, पाचव्या दिवशी गिऱ्हाईक पुण्यात आणि बाई गावात.

या पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं आहे. गरीब बाईला रांधायला शिकवायची गरज नाही. तिच्या वेळेला भाव लावायला आणि तिच्या दारापासून गिऱ्हाइकापर्यंतची वाट बांधायला तिच्यासोबत बसायची गरज आहे. ही दोन कामं कंटाळवाणी आहेत, त्यांचा फोटो निघत नाही, म्हणून ती मागे राहतात.

वेळेला भाव लावणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण मधे अन्न येतं. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. काटेवाडीला परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या दिवसांत या रस्त्यावरच्या गावांतल्या चुली पहाटे पेटतात त्या रात्रीपर्यंत. ज्या घरात उद्याच्या पिठाची चिंता असते तिथूनही पिठलं-भाकरी दिंडीत जाते. त्या भाकरीचे पैसे कोणी मागत नाही आणि मागूही नयेत. अडचण एवढीच की तीच बाई, तेच हात, तीच भाकरी कार्तिकात विकायची म्हटलं की तिला अवघड वाटतं. ओळखीच्या माणसाला दर सांगताना ती दहा रुपये आपणहून कमी करते. पाहुण्याच्या घरचा मसाला कुटून दिला तर कांडपाचे पैसे घेते, स्वतःच्या मेहनतीचे घेत नाही. या संकोचावर कोणी प्रशिक्षण घेतल्याचं ऐकिवात नाही.

हा संकोच मोडलेल्या आणि मोडून दाखवलेल्या बायका महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्यांच्याकडे वळण्याचं कारण गौरव करणं हे नाही. त्यांनी नेमकी कुठली गाठ सोडवली, ते बघण्यासारखं आहे, कारण प्रत्येकीने वेगळी सोडवली.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबापा या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. ‘लिज्जत’ची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांपासून सिनेमावाल्यांपर्यंत सगळ्यांनी इतकी गोड करून सांगितली आहे की तिच्यातला कणखरपणा हरवला. जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सोबतिणींनी सुरुवातीलाच ठरवलं की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. छगनबापांनी पैशांबरोबर आणखी एक गोष्ट दिली. हिशेब चोख ठेवा आणि याला धंदा समजा, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि पावसावर तोड काढली. आज गावोगावी वाळवणाच्या यंत्रांचे जे प्रस्ताव तयार होतात, ते वाचताना ही खाट आठवते.

पण ‘लिज्जत’ची खरी अक्कल तिच्या रोजच्या चाकोरीत आहे. पीठ केंद्रात मळलं जातं. बहीण सकाळी लाट्या घरी नेते, आपल्या ओट्यावर लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी आणून देते. पापड तपासले, तोलले की वणाईचे, म्हणजे लाटण्याचे, पैसे मिळतात. उडीद कुठून आणायचा, भाव कधी पडेल, दुकानदार उधारी कधी देईल, यातलं काहीही तिच्या डोक्यावर नाही. तिने तिच्या वेळेत लाटायचं. म्हणजे धंद्याचे दोन भाग केले, आणि ज्या भागात जोखीम होती तो सगळ्यांनी मिळून उचलला. १९६६ मध्ये संस्था रीतसर नोंदली गेली, त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, आणि २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली. गावातला दहा बायकांचा गट लिज्जत होऊ शकत नाही, हे मान्य. पण दहाही जणींनी खरेदी, रांधणं, विकणं आणि वसुली हे सगळं करायचं, हा आपल्याकडचा हट्ट सोडता येईल.

मुंबईच्याच गिरणगावातली गाठ निराळी होती. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकापोरं गावी ठेवून एकटा राहायचा आणि चाळीतल्या खानावळवाल्या बाईकडे जेवायचा. ही बाई पहाटेपासून रात्रपाळीच्या डब्यापर्यंत राबायची. गिऱ्हाईक ठरलेलं, रोजचं, शिवाय उपाशी. कागदावर याहून चांगला धंदा नाही. तरीही ती कर्जात असे, कारण कामगार महिन्याच्या पगारावर पैसे देणार आणि ही वाण्याकडून सामान उधारीवर जबर व्याजाने आणणार. नफा वाण्याच्या गल्ल्यात जायचा. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यांनी या बायकांना ना स्वयंपाक शिकवला, ना स्वच्छतेवर भाषण दिलं. त्यांनी बँक ऑफ बडोदाकडून सुरुवातीला १४ जणींना प्रत्येकी १५०० रुपयांचं कर्ज मिळवून दिलं. वाण्याला रोख पैसे गेले, सामान स्वस्त आलं आणि तीच चूल नफ्यात आली. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सही करता न येणाऱ्या बाईला बँकेच्या दारात उभं करायला कोणीतरी लागत होतंच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारेच नाहीसे होत गेले. ज्या एका गिऱ्हाइकावर सगळं उभं होतं ते गेल्यावर काय होतं, हे गिरणगावाने बघितलं आहे. अन्नपूर्णेच्या बायका पुढे कार्यालयांना जेवण पुरवण्याकडे वळल्या. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एकाच कॅन्टीनवर अवलंबून गट उभा करू पाहणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

तिसरी गाठ आपल्याच शेजारची. म्हसवड बारामतीपासून फार लांब नाही; माणदेशचं ऊन आणि इंदापूरच्या जिरायत भागातलं ऊन सारखंच भाजतं. तिथे चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. बायकांनी काही महिन्यांत अक्षरं गिरवली आणि पुन्हा जाऊन सांगितलं की आम्हाला वाचता येत नव्हतं, व्याज मात्र तोंडी करता येतं. तुमच्या साहेबांनाही गणित घाला आणि आम्हालाही घाला. त्यांना परवाना मिळाला. त्यांच्या बँकेची माणसं आठवडी बाजारात आणि दारोदार जाऊन पैसे गोळा करतात, कारण भाजीवाली किंवा भजीवाली बँकेच्या वेळेत बँकेत जाऊ शकत नाही. गेली तर त्या दिवसाचा धंदा गेला. ही साधी गोष्ट बँकांना कळायला किती वर्षं लागावीत, हा प्रश्न अजूनही संपलेला नाही.

आता पैशाची आणखी एक वाट. श्रीलंकेत अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने छोट्या धंदेवाल्यांना विनापरतीची रक्कम दिली आणि कोणाचा नफा किती वाढतो ते मोजलं. पुरुषांचा चांगला वाढला, बायकांचा सरासरीने वाढलाच नाही. हे निष्कर्ष २००८-०९ च्या सुमारास छापून आले तेव्हा बायकांना धंदा जमत नाही असा अर्थ काढायला लोक तयारच होते. दहाएक वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले, जोडीला भारत आणि घानातलेही घेतले. ज्या घरात धंदा करणारी फक्त बाईच होती, तिथे तिचा नफा पुरुषांइतकाच वाढलेला दिसला. बाकीच्या घरांत तिचं भांडवल नवऱ्याच्या धंद्यात गेलं होतं. कन्हेरीतल्या कुठल्याही गटाच्या बैठकीत हे सांगितलं असतं तर बाया हसल्या असत्या. शेवयांच्या यंत्रासाठी उचललेलं कर्ज बोअरच्या मोटारीला लागतं, उसाच्या बेण्याला लागतं, पोराच्या फीला लागतं. त्यात फसवणूक नसते. घरात एकच खिसा असतो आणि त्यात पहिला हात कोण घालणार हे ठरलेलं असतं. म्हणून धंद्याचं खातं वेगळं असावं आणि त्यात येणारे पैसे आधी तिथेच राहावेत, हा नियम आम्ही पहिल्या प्रकरणात घेतला आहे. तो पाळणं सोपं आहे असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही.

अहमदाबादला ‘सेवा’ बँकेच्या खातेदार बायकांवर झालेला एक प्रयोगही इथे उपयोगाचा आहे. धंद्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला काहीजणींना एकटं बोलावलं, काहीजणींना मैत्रिणीला घेऊन या म्हटलं. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी नंतरच्या महिन्यांत धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं आणि त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं. ज्या घरांत बायकांवर बंधनं जास्त होती तिथे फरक मोठा होता. आपल्याकडे याला संशोधन लागू नये. एकटी बाई एमआयडीसीच्या गेटवर डबे घेऊन उभी राहिली तर चार माणसं विचारतात. जाऊबाई सोबत असली तर एकच विचारतो.

हप्त्याचंही असंच आहे. कोलकात्यातल्या प्रयोगात काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरायची सवलत दिली. त्यांनी पैसे धंद्यात घातले आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा जास्त होता. कर्ज बुडण्याचं प्रमाणही वाढलं होतं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर बँकवाले आमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पण वाळवणाचा धंदा करणारी बाई फाल्गुनात उडीद, गहू, तांदूळ घेते, चैत्र-वैशाखात माल करते आणि तो विकून पैसे हातात यायला आषाढ-श्रावण उजाडतो. तिला पहिला हप्ता चैत्रातच भरायला लावला तर ती तो खुरपणीच्या रोजातून भरते, किंवा दुसरीकडून उचलून. शेतीच्या कर्जाला पिकाचा हंगाम बघायचा हे सहकाराला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. कुरडईलाही हंगाम असतो.

मग कन्हेरीच्या बाईने करायचं काय? आमचं मत असं की वाळवण आणि मसाले हे दुय्यम, रोजचं जेवण पहिलं. कारण गिऱ्हाईक शेजारी आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठान आणि तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाची बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं, तिथे पेशंटसोबत आलेले नातेवाईक दोन-दोन दिवस वडापाववर काढतात. एमआयडीसीत पाळ्या चालतात. या सगळ्यांना दोन भाकऱ्या, एक पालेभाजी, आमटी आणि खर्डा हवा असतो, आणि मिळतो तो मैद्याचा परोठा.

हिशेब करून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकीने आपले घालावेत. डब्याचा दर ७० रुपये. सामानाचे ४०, गॅसचे ५, साबण-पाणी वगैरे २, म्हणजे डब्यामागे २३ उरतात. गाडीच्या पेट्रोलला रोज ७०, मग डबे पाच असोत की तीस. दहा डब्यांचे २३० येतात, पेट्रोल वजा जाता १६०. खरेदी, रांधणं, पोचवणं आणि भांडी मिळून पाच तास गेले तर तासाला ३२ रुपये पडले. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. दहा डबे करणारी बाई स्वतःच्या मालकीचा धंदा करून खडी फोडण्यापेक्षा कमी कमावते आहे, आणि तिचा सत्कार महिला दिनाला उद्योजिका म्हणून होतो. वीस डबे झाले की ४६० मधून ७० गेले, ३९० उरले. वेळ साडेसहा तास, तासाला ६०. तीस डब्यांना ६२० आणि आठ तास, तासाला सत्तरच्या पुढे. पेट्रोल तेवढंच, भाजी निवडायचा वेळ थोडाच वाढला. धंदा वाढवायचा तो यासाठी. दहा डब्यांवर समाधान मानणाऱ्या बाईला साधेपणाचं कौतुक करून तिथेच बसवणं म्हणजे तिला तोट्यात बसवणं.

तीस डब्यांनंतर एक पायरी येते, तिथे बहुतेक जणी थांबतात. पन्नास डबे एकटीने होत नाहीत, मदतीला बाई ठेवावी लागते, आणि ती बहुधा भावकीतली किंवा शेजारची असते. तिला रोज किती द्यायचा, उशीर झाला तर बोलायचं कसं, चुलत सासूला पगार द्यायचा कसा, यावर अख्खं चौथं प्रकरण आहे. आमच्या मते पुस्तिकेतलं ते सगळ्यांत उपयोगी. मजूर म्हणून राबलेली बाई मालकीण होते तेव्हा तिला भीती वाटते ती खर्चाची कमी आणि गावातल्या बोलण्याची जास्त.

वाळवण आणि टिकाऊ पदार्थ आम्ही सोडून दिलेले नाहीत. इंदापूरला सोलापूर खेटून आहे, आणि सोलापूरच्या कडक भाकरीने आणि शेंगाचटणीने दाखवलं आहे की गरिबाच्या शिदोरीला पाकिटात भरून दूरचं गिऱ्हाईक मिळू शकतं. जिरायत गावांत बाजरी आहे, ज्वारी आहे आणि वर्षातले आठ महिने फुकटचं ऊन आहे. मराठवाड्यात एस४एस या कंपनीने त्या उन्हाचा धंदा केला. बायकांना घरच्या अंगणात सौर वाळवणी यंत्रं बसवून दिली, त्यांच्याकडून कांदा-टोमॅटो वाळवून घेतले आणि वाळलेला माल विकायची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. २०२३ मध्ये तिला अर्थशॉट पारितोषिक मिळालं. गिरगावची खाट आणि हे यंत्र यांच्यात साठ वर्षांचं अंतर आहे, पण विकण्याचा घोर बाईच्या गळ्यात घालायचा नाही ही रीत तीच. भिगवणला उजनीच्या पाण्यातली मासळी आहे. ती साफ करण्यात बायकांचे हात आहेत, आणि ती रांधून हॉटेलच्या दराने विकण्यात मात्र ते क्वचित दिसतात.

प्रदर्शनांवर वर टीका केली, तेव्हा भीमथडी जत्रेबद्दल लिहायला हवं. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने, म्हणजे अप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेने, सुनंदा पवार यांच्या पुढाकाराने ही जत्रा चालवली आहे. दर डिसेंबरात पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर बचत गटांच्या बायका चुली मांडतात आणि पुणेकर रांगा लावून मासवडी, हुरडा, मांडे खातात. तिथे एक गोष्ट घडते जी प्रशिक्षणात घडत नाही. परक्या माणसाकडून पूर्ण दर घ्यायची सवय होते. गावात वीस रुपयांना द्यायला लाजणारी बाई तिथे पन्नास सांगते आणि समोरचा मुकाट्याने देतो. तो अनुभव घेऊन ती परत येते तेव्हा डब्याचा दर वाढवायला सोपं जातं. जत्रेचा एवढा उपयोग झाला तरी खूप आहे. वर्षाची कमाई तिथून काढायची अपेक्षा चुकीची.

कागदपत्रांचं प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलं आहे, कारण त्याची भीती गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, त्याखालचे परवाना-नोंदणीचे नियम २०११ चे. त्या नियमांनी वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्यांसाठी साधी नोंदणी ठेवली, वर्षाला १०० रुपये शुल्क. एजंट त्याचे हजार-दोन हजार घेतात. ते देऊ नयेत. पाकीटबंद माल असेल तर वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, पत्ता आणि नोंदणीचा १४ आकडी क्रमांक छापायचा. कर्जासाठी केंद्राची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० च्या जूनमध्ये आली. तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद केली गेली. अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे, हे मात्र नीट समजून घ्यावं. गावात अनुदानाची बातमी आधी पोचते आणि कर्जाची नंतर. यंत्राची किंमत अनुदान बघून ठरवू नये, रोजचा माल किती खपतो ते बघून ठरवावी.

पुस्तिकेच्या शेवटी हिशेबाची कोरी पानं जोडली आहेत. रकाने पाचच आहेत: सामान, गॅस-पेट्रोल, आलेले पैसे, गेलेले तास आणि घरात दिलेले पैसे. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावं, आकडे मात्र स्वतः सांगावेत. पहिल्या महिन्यात तासाचा भाव काढायची घाई करू नये, गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी काढावा. तो रोजगार हमीच्या दराच्या खाली आला तर दर वाढवावा, पदार्थ बदलावा, नाहीतर तो धंदा थांबवावा. धंदा कसा थांबवायचा, राहिलेलं कर्ज कसं फेडायचं आणि भांडी कोणाला विकायची याचं प्रकरण तिसरं आहे. ते शेवटी असावं असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. आम्ही ते मध्येच ठेवलं, म्हणजे वाढीच्या प्रकरणाकडे जाताना वाटेत ते वाचलंच जाईल.